बुंध्याची धास्ती

आमच्या घरात भिण्याचं खातं माझ्याकडे आहे. निर्णय बायको घेते, धीर आई देते आणि भिण्याचं काम मी मन लावून करतो. यात माझा फारसा दोष नाही. मी विमा कंपनीच्या दावे विभागात बसतो आणि माणूस किती साध्यासुध्या गोष्टींनी आडवा होतो ते रोज वाचतो. बाथरूममधली साबणाची वडी, माळ्यावरची ट्रंक, डुगडुगणारं स्टूल. ज्या वस्तूंकडे तुम्ही निर्धास्तपणे बघता, त्यांच्या फायली मी हाताळलेल्या आहेत. संध्याकाळी घरी येतो तेव्हा मला घर दिसत नाही, पुढच्या वर्षीचे दावे दिसतात.

आई नेमकी उलटी. तिची एक गोष्ट आमच्या नात्यात सगळ्यांना पाठ आहे. वडील परगावी असताना एकदा तिच्या खोलीत चोर शिरला, तर आई पलंगावरून हललीसुद्धा नाही. पडल्या पडल्या म्हणाली, "आलास तसा जा, आणि जाताना दार ओढून घे." चोर गेला, आणि खरोखरच दार ओढून गेला. ही गोष्ट सांगून झाली की सगळे माझ्याकडे बघतात आणि एखादी मावशी सुस्कारा सोडून म्हणते, "हा वडिलांवर गेला." वडील आता नाहीत, त्यामुळे या आरोपाला उत्तर द्यायला कोणी उरलेलं नाही.

तर बुंधा. आमच्या परसात, आईच्या खोलीच्या भिंतीला जवळजवळ खेटून, एक प्रचंड झाड होतं. त्याचं नाव काय यावर गल्लीत कधीच एकमत झालं नाही. गेल्या वादळात ते कललं, पालिकेची माणसं आली, वरचं सगळं कापून घेऊन गेली आणि चौघांना गोल बसून पत्ते खेळता येतील एवढा बुंधा जागच्या जागी ठेवून गेली. याचं काय करायचं असं मी विचारलं, तर त्यांच्यातला एकजण म्हणाला, "हा आता कुठे पडतोय?" त्याचा मुद्दा बरोबर होता, पण माझं समाधान झालं नाही. माझं समाधान सहसा होत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मला आईच्या खोलीत ती भेग दिसली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून थेट आईच्या उशीपर्यंत आलेली. बायको म्हणाली, ती आपण राहायला आलो तेव्हापासून आहे. आई म्हणाली, भेग कसली, रेघ आहे. मी मात्र आधी त्या रेघेकडे पाहिलं, मग बाहेरच्या बुंध्याकडे पाहिलं. मुळं भिंतीखाली शिरली आहेत, भिंत उचलली जाते आहे, आणि एके दिवशी ती माझ्या आईच्या डोक्यावर येणार आहे, हे मला टेबलावरच्या फायलीइतकं स्पष्ट दिसलं.

बायकोचा मामेभाऊ इंजिनिअर आहे. त्याला हो किंवा नाही म्हणताना आजवर कोणी ऐकलेलं नाही. त्यानं भिंतीवर टिचक्या मारल्या, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "भावजी, असूही शकतं, नसूही शकतं." मग त्यानं उपाय सांगितला. भेगेवर आडवी एक पातळ कागदाची पट्टी चिकटवायची. भिंत हलत असेल तर पट्टी फाटेल. बरेच दिवस टिकली, तर काळजीचं कारण बहुधा नाही. 'बहुधा' हा शब्द त्यानं दारातल्या पायऱ्या उतरताना टाकला.

मी खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापाशी, भेगेवर पट्टी चिकटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घ्यायच्या आधी जाऊन पाहिलं, तर पट्टी मधोमध फाटलेली.

मी आईला म्हटलं, आजपासून तू पुढच्या खोलीत झोपायचं. आई म्हणाली, "मी या खोलीतून हलणार नाही. तुला एवढी भीती वाटत असेल तर तूच ये इकडे." आईला हलवणं भिंतीला हलवण्यापेक्षा अवघड असल्यामुळे मीच गादी घेऊन तिच्या खोलीत गेलो. भिंत कोसळायला लागली तर आईला ओढून बाहेर न्यायचं, असं मी ठरवलं होतं. प्रत्यक्षात मी तिला न घेताच पळालो तर, अशी एक आतली भीती मला होती आणि ती मी कोणाला सांगितली नाही.

आई अंधारात गप्पा मारायची. वडिलांना पोहता येत नव्हतं तरी ते नदीकाठी कसे ऐटीत उभे राहायचे, मी लहानपणी फुगा फुटेल म्हणून फुगा हातात कसा घेत नसे, असलं काहीबाही. मी हं हं म्हणत एक कान भिंतीला लावून पडायचो. सकाळी ती कुरकुरायची की मी घोरतो, आता जा बाबा आपल्या खोलीत. पट्टी काही दिवस शाबूत राहिली की मी जरा सावरून पुढच्या खोलीत परत यायचो. की पुन्हा पट्टी फाटायची. जणू भिंत मला गाफील गाठायला टपून बसली होती. फाटलेली प्रत्येक पट्टी मी एका पाकिटात जपून ठेवत होतो, कारण पुरावा जपणं हा माझा पेशा आहे.

बुंधा काढायचा, हे मी ठरवलं. निर्णय घेणं माझ्या अखत्यारीत येत नाही, पण बायकोनं हरकत घेतली नाही.

आमच्या समोर एक गृहस्थ राहतात. ते कुठून निवृत्त झाले हे कोणालाच माहीत नाही, पण त्यांना सगळंच माहीत असल्यामुळे गल्ली त्यांना सर्वज्ञ म्हणते. त्यांनी आधी मला त्यांच्या एका परिचिताच्या घराची हकिकत सांगितली, ज्यात मुळांमुळे स्वयंपाकघर खचलं. पुढच्या वेळी त्याच हकिकतीत अख्खं घर खचलं. तिसऱ्या वेळी घरासकट माणसं गेली, तेव्हा मी ती हकिकत ऐकणं थांबवलं. मग त्यांनी सांगितलं की बुंध्यावर पोतंभर मीठ ओता, आपोआप मरतो. मी ओतलं. बुंधा जसाच्या तसा राहिला आणि कुंपणापलीकडच्या काकूंची गुलाबाची सगळी झाडं मेली. काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याकडे बघून मांजरीशी बोलतात.

नंतर मी कुऱ्हाड आणली. कुऱ्हाड हे हत्यार माझ्यासारख्यानं हातात घेऊ नये हे मला दावे विभागात शिकायला मिळालं होतं, म्हणून मी डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना गॉगल आणि पायांत बायकोचे बागेतले जाड बूट घातले. कुंपणापाशी सर्वज्ञ खुर्ची घेऊन बसले. मी सर्व शक्तीनिशी एकच घाव घातला आणि कुऱ्हाड बुंध्यात जी रुतली ती रुतलीच. मी ओढली, सर्वज्ञांनी ओढली, पेपर टाकायला आलेल्या माणसानंही ओढून पाहिली. शेवटी आईनं कुऱ्हाडीच्या दांड्यावर आपला ओला पंचा वाळत घातला. पुढे बरेच दिवस तिचा तोच उपयोग होता.

त्यानंतरचा सल्ला असा होता की बुंध्याला भोकं पाडून रोज त्यात पाणी भरावं, म्हणजे तो आतून कुजतो. मी रोज ऑफिसला जाण्याआधी बुंध्याला पाणी घालू लागलो. आणि एका सकाळी बुंध्याच्या कडेला एक कोवळी, पोपटी पालवी दिसली. माझ्या हातून आजवर कुंडीतलं रोपसुद्धा जगलेलं नाही. त्याच सकाळी पट्टीही फाटलेली होती. मी हाय खाल्ली.

आता यंत्र आणण्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि यंत्र आणायचं तर परवानगी हवी. पालिकेच्या वृक्ष विभागातल्या कारकुनानं मला विचारलं, "झाड कापायचंय, की फांदी, की पडलेलं उचलायचंय?" मी म्हटलं, बुंधा काढायचाय. त्यांनी शांतपणे सांगितलं की बुंधा हे झाड नव्हे, तेव्हा त्यांचा संबंध नाही. रस्ते विभागात गेलो, कारण यंत्र गल्लीतून जाणार. ते म्हणाले, वृक्ष विभागाची हरकत नाही असं लिहून आणा. वृक्ष विभाग म्हणाला, ज्याच्याशी आमचा संबंधच नाही त्याला आमची हरकत कशी असेल, आणि हरकतच नसेल तर ती नाही असं लिहून कशाला द्यायचं? दोन्ही कार्यालयांच्या मधल्या जिन्यात मी बराच काळ काढला. त्या जिन्याचा कठडा हलतो हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

अखेर वृक्ष विभागाचे निरीक्षक पाहणीला आले. त्यांनी बुंध्याला प्रदक्षिणा घातली, कुऱ्हाडीवरच्या पंच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना ती पालवी दिसली. "हे तर जिवंत आहे," ते म्हणाले. "म्हणजे हे झाड आहे. झाडाला हात लावायचा तर धोका सिद्ध करावा लागेल." मी धावत जाऊन पाकीट आणलं. आईच्या खोलीत पलंगावर मी त्या सगळ्या फाटक्या पट्ट्या ओळीनं मांडल्या. निरीक्षकांनी एक उचलून उजेडात धरली. ते बारकाईनं बघू लागले आणि त्यांचा चेहरा बदलला. "काय सरळ फाटलीय हो. अगदी कापल्यासारखी. भिंतीचा जोर बघा केवढा असेल." असं म्हणत ते भिंतीपासून दोन पावलं मागे सरकले, दाराजवळ आले आणि उरलेली पाहणी त्यांनी दाराबाहेरून केली. आईला त्यांनी विचारलं, आजी, तुम्ही इथे झोपता? आई पट्ट्यांकडे बघत होती. ती नुसतंच "हो" म्हणाली. एवढ्या कमी शब्दांत उत्तर देण्याची तिची पद्धत नाही, पण मला वाटलं, तिलाही अखेर भिंतीची भीती पटली असावी. परवानगी मिळाली.

यंत्र आलं त्या दिवशी मी सकाळी नवी पट्टी चिकटवली, घरातला गॅस बंद केला आणि सगळ्यांना गल्लीत नेऊन उभं केलं. आई यायला तयार नव्हती, तिला बायकोनं हात धरून आणलं. गल्लीतली माणसं खुर्च्या घेऊन आली होती. यंत्रवाल्यानं बुंध्याभोवती साखळी आवळली आणि मला विचारलं, "साहेब, ओढू?" मी आयुष्यात अनेक गोष्टींना घाबरलो आहे, पण त्या 'ओढू'इतकं भय मला कशाचंच वाटलेलं नाही. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नुसतीच थरथरली, ते मला सांगता येणार नाही.

यंत्र गुरगुरलं. साखळी ताणली. जमिनीतून असा काही कडकडाट झाला की घरच मोडतंय असं मला वाटलं आणि मी "पळा!" असं ओरडून पळालो. गल्लीच्या टोकापाशी मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं की एकटा मीच पळालो आहे. बाकी सगळे खुर्च्यांवर बसलेले होते आणि त्यातले बरेचजण आता बुंध्याऐवजी माझ्याकडे बघत होते. आईला मी हात धरून नेलं नव्हतं. ज्याची भीती होती तेच झालं. मी खाली मान घालून परत आलो, तेव्हा काकू मांजरीला म्हणाल्या, "आले बघ."

बुंधा मात्र मुळांसकट बाहेर आला होता, कुऱ्हाड अजून त्याच्यात होती. भिंत जागच्या जागी उभी होती. आत जाऊन पाहिलं तर पट्टीला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती. इंजिनिअर म्हणाला, "आता असं म्हणायला हरकत नाही की बहुधा धोका नव्हता." मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्या 'बहुधा'कडेही दुर्लक्ष केलं. बुंधा फाटकाबाहेर नेऊन ठेवला. उपटल्यावर तो झाडही राहिला नाही आणि बुंधाही राहिला नाही, लाकूड झाला, आणि लाकडाचा विभाग वेगळा आहे. तो अजून तिथेच आहे, सर्वज्ञ त्यावर बसतात. आई तेवढी परसातल्या खड्ड्यापाशी बराच वेळ उभी होती. "केवढं मोकळं झालं," म्हणाली. मी म्हटलं, हो ना, आणि माझी गादी उचलून पुढच्या खोलीत आणली.

थोडे दिवस सुखाचे गेले. मग एका सकाळी सहज डोकावलो, आणि पट्टी फाटलेली.

यंत्रानं बुंधा ओढला तेव्हा जी भिंत हलली नाही, ती आता आपण होऊन हलत होती. मी खाली बसलो. कशालाही न घाबरणारी माझी बायको, तीसुद्धा खुर्ची ओढून बसली. मी इंजिनिअरला फोन लावला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. "भावजी, खोली रिकामी करा. भिंत पाडावी लागेल." तो असा बोलल्यावर माझा उरलासुरला धीर सुटला. मी परगावी राहणाऱ्या माझ्या ताईला कळवलं की भिंतीचं काम होईपर्यंत आईला तुझ्याकडे आणतो. आईला सांगितलं, उद्या निघायचंय, या वेळी तुझं काही ऐकणार नाही. ती भांडेल म्हणून मी तयारीत होतो. ती भांडली नाही. तिनं विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, माहीत नाही. मग ती उठून साड्यांच्या घड्या घालू लागली, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

ऑफिसात माझं लक्ष लागेना. भिंत आजच पडली तर, उद्यापर्यंत थांबली नाही तर, असे विचार. शेवटी दुपारीच घरी आलो. पुढचं दार वाजवण्याऐवजी भिंत बाहेरून बघावी म्हणून परसातून गेलो, खड्ड्याला वळसा घातला आणि आईच्या खिडकीतून आत पाहिलं.

आई स्टुलावर उभी होती. तेच डुगडुगणारं स्टूल. नाकावर चष्मा, एका हातात माझी डिंकाची बाटली, तोंडात केसातली पिन. तिनं फाटकी पट्टी काढून टाकली होती आणि तिच्या जागी नवी, तेवढीच, अगदी तिथेच चिकटवायचा तिचा खटाटोप चालला होता. स्टूल हललं. मी दाराकडून वळसा घालून आत कसा पोचलो ते मला आठवत नाही.

"आई, खाली उतर."

ती दचकली नाही. वळलीही नाही. "आधी स्टूल धर," म्हणाली. मी धरलं. तोंडातली पिन केसांत खोवून, पट्टीवरून अंगठा फिरवत ती भिंतीशीच बोलली, "भिंत कुठे जात नाही. मीच फाडत होते. पिनेनं."

"का?" मी विचारलं.

"झाड होतं तेव्हा रात्रभर पानं वाजायची. कोणीतरी जागं आहे असं वाटायचं. ते कापलं आणि खोलीत नुसती शांतता. पहिली पट्टी खिडकीची वरची कडी लावताना हात लागून फाटली, खरंच. तू गादी घेऊन आलास." तिनं डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं. "मला भीती वाटते रे."

हे वाक्य आमच्या घरात माझं होतं. आईच्या तोंडून मी ते कधीच ऐकलेलं नव्हतं. मी म्हटलं, सांगायचं नाही का मग? तर ती म्हणाली, "कोणाला? तुला? तू आधीच एवढा घाबरट." आणि थोड्या वेळानं, "तो चोर आला होता ना. मी काही शूरपणानं पडून राहिले नव्हते. माझे पाय हलत नव्हते. उठून दार लावायची हिंमत नव्हती, म्हणून त्याला सांगितलं, ओढून घे."

मी स्टूल घट्ट धरून उभा होतो. माझे हात थरथरत होते, आणि स्टुलामुळे मला कळलं की तिचेही पाय थरथरत होते. सगळे नातेवाईक इतकी वर्षं बिचाऱ्या वडिलांना दोष देत आले. त्या माणसाला पोहता येत नव्हतं, पण तो नदीकाठी ऐटीत उभा राहायचा. मी तर आईवर गेलो होतो. मला एकदम तिची माया आली. मी तिला हात देऊन खाली उतरवलं आणि स्टूल दुपारीच भंगारात टाकलं.

ताईला फोन करून सांगितलं की बेत रद्द. इंजिनिअरला सांगितलं, पट्टी टिकली. तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं." सर्वज्ञांनी गल्लीत सांगितलं की मिठाचा गुण उशिरा येतो. आईची चोराची गोष्ट आहे तशीच चालू आहे. परवाच एका मावशीनं ती सांगून माझ्याकडे बघत सुस्कारा सोडला, तेव्हा आई खाली मान घालून साडीची निरी सारखी करत होती आणि मी म्हटलं, हो, मी वडिलांवरच गेलोय.

भिंतीवर पट्टी अजून आहे. मी ती आता आईच्या हाताशी, एका बाजूनं जरा सैल चिकटवतो, म्हणजे तिला फाडायला पिन लागायला नको. पण काल संध्याकाळी पाहिली तर शाबूत होती. तरी मी गादी गुंडाळून काखेत मारली. बायकोनं गुंडाळलेल्या गादीवर माझी उशी ठेवली. आई पलंगावर बसून चष्मा पुसत होती. माझ्याकडे आणि गादीकडे बघून म्हणाली, "आज कशाला? पट्टी तर धड आहे."

मी म्हटलं, "मला भीती वाटतेय."

आईनं चष्मा उशाशी ठेवला, भिंतीकडे सरकली आणि पांघरुणाचं टोक माझ्याकडे टाकत म्हणाली, "भितोस काय असा? मी आहे ना."